दुसऱ्या योयोची घाई नाही

ता. ६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मनगटाचं प्लास्टर निघालं. आतून जो हात बाहेर आला तो माझाच आहे असं हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून मी मान्य केलं. मला तो कुणा उपाशी माणसाचा वाटला. हाड छान जुळलंय, आता मनगट सैल करायचं काम तुमचं, असं म्हणून त्यांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला. चेंडू दाबत बसलेला माणूस इतका बावळट दिसतो की, पाहुणे आले की निदान तेवढा वेळ तरी थांबत जा, असं ही मला म्हणाली.

तेवढ्यात तुझं पार्सल आलं. साठीकडे निघालेल्या भावाला खेळणं पाठवणारी बहीण जगात तू एकटीच असशील. पण योयो झकास आहे. लाकडी, लाल, मुठीत नीट बसणारा. पहिल्या दिवशी तो खाली गेला आणि तिथेच गतप्राण झाला. दुसऱ्या दिवशी वर आला, पण माझ्या हातात न येता हिच्या चष्म्यावर गेला. तेव्हापासून मला मधल्या खोलीतून हाकलून मागच्या पडवीत बसवलं आहे.

दवाखान्याची काळजी करू नकोस. तुझी भाची सांभाळते आहे. ठकी दातांचं शिक्षण पुरं करून आली ती परगावच्या मोठ्या रुग्णालयात नोकरी धरायची म्हणून, आणि मी जिन्यावरून घसरलो म्हणून इथे अडकली. आपण तात्पुरत्या आहोत असं ती रोज सांगते. मीही रोज मान हलवतो. रुग्णालयवाले बिचारे तिची जागा धरून बसले आहेत.

आता मुद्द्याचं. तुझ्या दुकानाच्या माहितीपत्रकात मागच्या पानावर एक निळा, धातूचा योयो आहे. तो मला हवा. दुकानात येणाऱ्या शेंबड्या पोरांना तू देतेस, मग सख्ख्या भावाला काय झालं? हिने मात्र त्यात एक मेख मारून ठेवली आहे. हिचं म्हणणं असं की, ताईंनी दुसरा योयो पाठवला म्हणजे मनगट बरं झालं असं धरायचं, आणि मनगट बरं झालं की दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात कामाला जायचं. पडवीतही मी हिला नको झालो आहे, एवढाच त्याचा अर्थ.

उत्तर लवकर दे. लोभ तुझ्याकडे पुष्कळ शिल्लक असेल, त्यातला थोडा इकडे पाठव.

तुझा,
भाऊ

---

ता. १४ जानेवारी

चि. डॉक्टरसाहेबांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. तू फोन का करत नाहीस असं शेजारणीने विचारलं, तेव्हा मी तिला सांगितलं की आमच्या घराण्यात फोनवर फार सहज खोटं बोलतात. कागदावर खोटं लिहायला जरा कष्ट पडतात, त्यामुळे प्रमाण कमी राहतं.

निळा योयो मिळणार नाही. दुकानात रोज एक तरी बाप असा येतो की मुलाच्या पहिल्या योयोचा गुंता सुटायच्या आत दुसऱ्याची चौकशी. हात अडतो तो योयोमुळे, अशी सगळ्यांची ठाम समजूत. पोहता येत नाही म्हणून तलाव बदलायला निघालेली ही माणसं. मी त्यांना परत पाठवते. त्यामुळे माझा धंदा कसा चालतो ते विचारू नकोस.

त्या निळ्याचा स्वभावही ऐकून ठेव. तो आपणहून परत येत नाही. त्याच्या पोटात बेअरिंग आहे, त्यामुळे खाली जातो आणि दोरीच्या टोकाशी मजेत फिरत बसतो. तू झटके दे, हाका मार, रड. त्याला वर आणायचं तर दोरीची एक घडी घालून ती त्याच्या पोटात भरवावी लागते, तेव्हा कुठे तो दोरी धरतो आणि उठतो. नवशिक्याच्या हाती दिला की दोन दिवस तो दोरी हाताने गुंडाळतो आणि मग योयो कपाटावर जातो. माझ्या गिऱ्हाइकांची कपाटं पाहायला ये कधीतरी.

तेव्हा आधी तुझा लाल योयो खाली झोपला पाहिजे. झोपणं म्हणजे टोकाशी जागच्या जागी फिरत राहणं. आणि तू हलकेच बोट उचललंस की तो उठून हातात आला पाहिजे. एकदा नव्हे, बोलता बोलता, त्याच्याकडे न बघता. दोरी कुणाला न विचारता बदलता आली पाहिजे. हे सगळं झालं तरी मी एका खुणेची वाट बघते. रविवारी माझ्याकडे शिकायला येणारं पोर दुसऱ्या योयोचं नाव काढायचं थांबतं. पहिल्यातच त्याला इतकी गोडी लागते की दुसरा आठवत नाही. त्या दिवशी मी दुसरा काढून देते.

तुझ्या बायकोची अट मला पसंत आहे. परीक्षक मी. मी पास केलं की निळा योयो, निळा योयो आला की दवाखाना. तीस-बत्तीस वर्षं लोकांना आ करायला लावलंस, आता थोडे दिवस तू कर.

ठकीला पापे. आशीर्वाद तुलाही आहेत, पण ते परीक्षेत कामाला येणार नाहीत.

तुझी,
ताई

---

ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

प्रगती कळवतो. प्रगती नाही. लाल योयो झोपत नाही. झोपलाच तर उठत नाही. मनगट अजून आखडतं, बहुधा थंडीने. त्यामुळे दुसऱ्या योयोची अजिबात घाई नाही. माझ्यासाठी नियम मोडू नकोस. तुझ्या शिस्तीचा मला आदरच आहे.

दोऱ्या मात्र पाठव. योयोबरोबर आलेल्या दोन्ही तुटल्या.

वेळ जावा म्हणून हल्ली केस कापायला जातो. केस फारसे उरले नाहीत हे न्हाव्यालाही माहीत आहे, पण त्याचं दुकान आपल्या दवाखान्याच्या बरोबर समोर आहे आणि त्याची खुर्ची खिडकीला लागून. तिथून पाहिलं. ठकीने माझी खुर्ची भिंतीकडून खिडकीकडे फिरवली आहे. मी इतकी वर्षं पेशंटांना भिंतीवरचं दाढेचं चित्र बघायला लावलं. आता त्यांना रस्ता दिसतो. बाकड्यावर लोक आपसात बोलत असतात. काल तर एक बाई गालाला कापूस लावून हसत हसत बाहेर पडली. माझ्याकडून आजवर कुणी हसत बाहेर पडलेलं नाही. लवकर मात्र पडायचे.

न्हाव्याने विचारलं, की डॉक्टर, तुम्ही परत कधी बसणार? मी म्हटलं, मनगट. तो म्हणाला की घाई करू नका. त्याने ते फार पटकन म्हटलं.

तुझ्या प्रेमाची ऊब असू दे, थंडी अजून बाकी आहे.

तुझा,
भाऊ

---

ता. १८ फेब्रुवारी

चि. नापास विद्यार्थ्यास,
आशीर्वाद.

दोऱ्या सोबत आहेत. ज्याचा योयो झोपत नाही त्याची दोरी तुटत नाही, गुंतते. दोन दोऱ्या तुटल्या म्हणतोस, तेव्हा घासल्या गेल्या असणार, आणि त्या तशा घासायला तो लाल योयो भरपूर वेळ झोपलेला असला पाहिजे. शिवाय दुसऱ्याची घाई नाही हे माझ्या खुणेचंच वाक्य तू माझ्याकडे परत पाठवलं आहेस. तेव्हा एक तर तू पास झाला आहेस, नाहीतर कागदावरही बिनकष्टाने लिहायला शिकला आहेस. कोणतं ते सांग.

पाठीत धपाटा बाकी ठेवून,
ताई

---

ता. २० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न.

हे पत्र दवाखान्यातून लिहिते आहे. बाबांना कळवू नकोस.

रुग्णालयाने मला शेवटचं विचारलं आहे. मार्चअखेर रुजू व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. मी घरी सांगितलं. आई म्हणाली की बघा बाई तुमचं तुम्ही. बाबा उठले. पडवीत गेले आणि तिकडून योयो फरशीवर आपटल्याचा आवाज आला.

परवा पेशंट नव्हते म्हणून मी लवकर घरी गेले. जिन्याच्या खिडकीतून आपली पडवी दिसते. बाबा उभे होते. योयो खाली जात होता, फिरत राहत होता, बाबा तेवढ्यात दुसऱ्या हाताने कानामागे खाजवत होते, आणि बोट उचललं की तो सुळकन हातात. मी किती तरी वेळ बघत राहिले. इतकं नाजूक मनगट त्यांचं पडायच्या आधीही नव्हतं. मग मी दाराला किल्ली लावली. लगेच आपटल्याचा आवाज. आत गेले तर बाबा मनगट चोळत बसलेले, आणि चेहरा असा की मुलीने फी सुद्धा मागू नये.

आत्या, ते नाटक करताहेत. मला वाटतं त्यांना खुर्चीची भीती बसली आहे. एवढे दिवस काम सुटलं की असं होतं म्हणतात. तू त्यांना दुसरा योयो पाठवलास की आई त्यांना दुसऱ्या दिवशी डबा देऊन दवाखान्यात धाडणार, यात शंका नाही. म्हणून माझी विनंती आहे की एवढ्यात पाठवू नकोस.

आता खरं कारण लिहिते. कागदावर कष्ट पडतात म्हणतेस ना, ते पडताहेत. मला इथेच राहायचं आहे. रुग्णालयात मी एका मजल्यावर नुसत्या दाढा उपटणार, पेशंटाचा चेहरा पुन्हा दिसणार नाही. इथे कोपऱ्यावरच्या शिंप्याची कवळी मी केली, आणि तो रोज जाताना दात दाखवून जातो. पण खुर्ची बाबांची आहे. ते बरे झाले की मी उठायचं असं ठरून मी बसले. बापाला ऊठ म्हणणारी मुलगी मला व्हायचं नाही. योयो आला नाही तर कुणालाच काही बोलावं लागणार नाही. हे भेकडपणाचं आहे, मला कळतं.

तुझ्या मायेत माझा वाटा बाबांपेक्षा जरा मोठा आहे, तो तसाच राहू दे.

तुझी,
ठकी

---

ता. २७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पकडलंस. योयो झोपतो. उठतोही. मी त्याला पाळण्यात घालून झुलवतो, जमिनीवरून कुत्र्यासारखा चालवतो. मनगट ठणठणीत आहे. मला शिक्षा कर, पण निळा योयो पाठवू नकोस.

तुला वाटेल की मला काम नको झालं. तसं नाही. मला काम येतं, आवडतही नाही नि नावडतही नाही. मी डॉक्टर झालो कारण घरात कुणीतरी व्हायचं होतं आणि तू आधीच खेळण्यांच्या दुकानात पळाली होतीस. पण समोरच्या न्हाव्याच्या खिडकीतून मी जे बघितलं ते माझ्या हातून कधी झालं नाही. ठकी पेशंटाला आधी सांगते की आता काय करणार आहे. मी आधी करायचो, मग फी सांगायचो. ताई, ती खुर्ची तिची आहे.

तिला हे सांगता येत नाही. तू इथे राहा असं मी म्हटलं की ती राहील. माझं म्हातारपण, माझं मनगट, बापाचा शब्द, असं सगळं पोतं पाठीवर घेऊन राहील आणि जन्मभर ते बोलणार नाही; स्वभावाने माझ्यावर गेली आहे. तिला जायचं असेल तर मी अडवायचं नाही, राहायचं असेल तर तिने आपणहून राहायचं. म्हणून मी नापास होतो आहे. मनगट बरं झालं नाही तर तिला मार्चअखेरपर्यंत बसावं लागेल, आणि तोवर खुर्ची तिला चिकटेल अशी आशा.

हे ठकीला कळू देऊ नकोस. दुसऱ्या योयोशिवाय माझं काही अडत नाही. जळफळाट होतो कधीकधी माहितीपत्रक उघडलं की, पण ते चालायचंच.

तुझा लोभ होता, आहे, आणि या पत्रानंतरही राहिला तर बरं.

तुझा,
भाऊ

---

ता. ७ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

सोबत एक डबी आहे. दवाखान्याच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवली आहे. आत निळा योयो आहे, तुझ्या बापाचा. तू पाठवू नको म्हणाली होतीस, तरी पाठवला.

मी चाळीस वर्षं हे दुकान चालवते. ज्याचा हात तयार नाही त्याला मी दुसरा योयो विकला नाही, आणि ज्याचा तयार आहे त्याला अडवून धरला नाही. तुझ्या बापाचा हात तयार आहे. त्याने काय काय करून दाखवलं ते मला कळलं आहे, कसं कळलं ते विचारू नकोस. अशा माणसाला मी केवळ घरातली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून लाल योयोवर बसवून ठेवू? उद्या रविवारची पोरं माझं तोंड बघणार नाहीत.

मी परीक्षक झाले हीच चूक. तुझ्या आईने अट घातली तेव्हा मला ती गंमत वाटली. आता लक्षात येतं, की एका खुर्चीवर कोण बसणार हे तुम्ही तिघांनी मिळून एका खेळण्यावर सोडलं आहे, आणि ते खेळणं माझ्या दुकानातलं. मी राजीनामा देते. योयो मनगटासाठी असतो. खुर्चीसाठी तोंड असतं, आणि तुम्ही दोघं तर दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडता.

डबी कधी द्यायची ते तू ठरव. आज दे, मार्च उलटल्यावर दे, नाहीतर कपाटावर ठेव. मात्र देशील तेव्हा त्याबरोबर तुला काय हवं आहे तेही सांग. बाप हसेल, रडेल किंवा पडवीत जाईल. तिन्हींनी तो मरत नाही.

मला मिळालेल्या दुसऱ्या एका पत्राबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. एवढं मात्र लिहिते, की तुला भीतीबद्दल जे वाटतं ते चुकीचं आहे.

माया आहे तेवढी सगळी,
आत्या

---

ता. २९ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

डबी मी कापसाच्या खणात ठेवली आणि रोज उघडून बघत होते. भीतीबद्दल तू लिहिलेलं वाक्यही रोज वाचत होते. काही बोलले मात्र नाही. तुला राग येणार, येऊ दे.

गेल्या मंगळवारी बाबा दवाखान्यात आले. पडल्यापासून पहिल्यांदाच. मला वाटलं, आता खुर्ची मागतात. पण हात गालावर होता. विचारलं तर म्हणाले की पेन्सिल चावताना दाढेतलं जुनं सिमेंट निघालं. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणार होते, पण न्हाव्याने म्हणे रस्त्यातच अडवलं आणि हात धरून समोर आणून सोडलं.

बाबा त्या खुर्चीत जन्मात कधी आडवे झाले नव्हते. झाल्या झाल्या म्हणाले की खुर्ची टोचते, कुणी सांगितलं कसं नाही इतकी वर्षं. मी त्यांना आधी सांगितलं की सुई टोचणार आहे, मग टोचली. गाल बधिर व्हायला पाच-सात मिनिटं लागतात. ते खिडकीतून रस्ता बघत पडले होते. त्यांना आता बोलता येणार नाही हे माझ्या लक्षात आलं, आणि आत्या, मी तेवढ्यात सगळं बोलून घेतलं. हा शूरपणा नाही, मला मान्य आहे.

मी म्हटलं की रुग्णालयाला मी सकाळीच नकार कळवला. तुमच्यासाठी नाही, आईसाठी नाही, मला इथे आवडतं म्हणून. तुम्हाला परत बसायचं असेल तर बसा. मी याच रस्त्यावर दुसरा गाळा घेईन आणि तुमचे निम्मे पेशंट पळवीन. तुम्हाला बसायचं नसेल तर ही खुर्ची मला द्या, पण मनगटाचं निमित्त करून नको. तुमचं मनगट मी जिन्यावरून बघितलं आहे.

बाबा काहीतरी बोलले. ते फक्त त्यांच्या गळ्यातल्या रुमालाला कळलं. मग त्यांनी डावा हात वर केला. आपल्याकडे डावा हात म्हणजे दुखतंय, थांबा. मी थांबले. ते खुर्चीतून उतरले, रुमालासकट बाहेर गेले आणि बाकड्यावर शेवटच्या पेशंटाच्या पलीकडे जाऊन बसले. एक जुनं मासिक उघडून वाचायला लागले, उलटं. बाकड्यावरच्या आजोबांनी त्यांना विचारलं की तुमचा कितवा नंबर? बाबांनी बोटांनी चार दाखवले.

मी तीन पेशंट संपवले आणि त्यांना नंबराने आत बोलावलं. तोवर बधिरपणा उतरत आला होता, पुन्हा टोचावं लागलं. दाढ भरली. फी सांगितली. त्यांनी खिशातून काढून मोजून दिली, आणि मला आत्तापर्यंत कुठल्याही फीचं इतकं रडू आलं नाही. मग मी कापसाचा खण उघडून डबी त्यांच्या हातावर ठेवली.

आईला संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली की खुर्चीत कोण बसतं याच्याशी तिला कधीच कर्तव्य नव्हतं, घरात दिवसभर कोण पायात घुटमळतं याच्याशी होतं. तेव्हा बाबांनी रोज सकाळी बाहेर पडायचं, कुठेही जायचं, असा नवा ठराव झाला आहे. बाबा दवाखान्यात येतात आणि बाकड्यावर बसतात. लोकांना नंबर देतात. गप्पा मारतात. माझ्याकडे पेशंट आत आला की त्याला आधीच बाहेर सगळं घाबरवून झालेलं असतं, एवढा एक त्रास आहे.

बाकीचा वेळ तो निळा योयो. आत्या, तो त्यांना मुळीच येत नाही. खाली जातो, सुरेख फिरतो आणि तिथेच राहतो. बाबा बोट उचलतात, हात उचलतात, चवड्यांवर उभे राहतात. तो खाली फिरतोच आहे. शेवटी थांबतो, आणि बाबा दोरी हाताने गुंडाळत बसतात. अख्खं बाकडं सल्ले देतं. काल न्हावी दुकान उघडं टाकून बघायला आला आणि म्हणाला, की डॉक्टर, मनगट अजून बरं दिसत नाही. बाबा इतके हसले की भरलेल्या दाढेवर मला पुन्हा नजर टाकावी लागली. एवढे महिने त्यांनी योयो येत असताना न येण्याचं सोंग केलं, आता ते करायची गरज उरली नाही.

ते तुला पत्र लिहिणार आहेत, दोरीची घडी त्याच्या पोटात नेमकी कशी भरवायची हे विचारायला. थोडे दिवस उत्तर देऊ नकोस.

तुझ्या लोभावर डोळा ठेवून,
ठकी